एकच नियम पाच ठिकाणी: ॲपच्या कोडमधला गुंता मोजतात कसा?

समजा, चिखलीजवळच्या एका गावातल्या शेतकऱ्याला हमीभाव केंद्रावर सोयाबीन न्यायचं आहे. ओलावा आला १४ टक्के. घरातली कॉलेजला जाणारी पोरगी मोबाईलवर खरेदीचं ॲप उघडून आकडा टाकते. स्क्रीनवर हिरवी खूण येते, माल चालेल. ट्रॅक्टर भाड्याने ठरतो, पोती भरली जातात. अर्ध्या वाटेत त्याच ॲपचा एसएमएस येतो: ओलावा जास्त आहे, वाळवून आणा.

एकच ॲप, एकच शेतकरी, एकच ढीग आणि दोन उत्तरं. आता तो माल परत नेऊन वाळवायचा, की भाडं वाया जाऊ नये म्हणून वाटेतल्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात देऊन टाकायचा?

हे ॲप मी उदाहरणासाठी मनाने उभं केलंय. पण त्यामागचा नियम खरा आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरिपात पावसामुळे माल ओला राहिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. तेव्हा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या खाली. म्हणजे १२ च्या जागी १५ होणं ही बुलढाणा जिल्ह्यातल्या सोयाबीनवाल्यांसाठी साधी गोष्ट नव्हती.

कोडच्या दृष्टीने मात्र हा एका आकड्याचा बदल आहे. दोन मिनिटांचं काम. मग चुकलं कुठे?

१२ नेमका कुठे कुठे लिहिलाय?

ॲप बनवणाऱ्याने पहिल्या स्क्रीनसाठी तपासणी लिहिली: ओलावा १२ पेक्षा जास्त असेल तर नाही म्हण. मग एसएमएस पाठवायचा भाग आला. तिथेही हीच तपासणी हवी होती, म्हणून त्याने त्याच ओळी कॉपी करून चिकटवल्या. नंतर केंद्रावरच्या कर्मचाऱ्याची स्क्रीन, महिन्याचा अहवाल, सूचनांचं पान. पाच ठिकाणी १२. त्या दिवशी सगळं बरोबर चालत होतं, कुणाला काही खटकलं नाही.

वर्षभराने नियम बदलला. तोवर मूळ मुलगा नोकरी बदलून पुण्याला गेलेला. नव्या माणसाने चार जागा शोधून १५ केलं, पाचवी राहिली. ॲप बंद पडलं नाही, एररही आली नाही. नकलेचा खरा त्रास हाच. ती करताना काहीच होत नाही, होतं ते मूळ गोष्ट बदलते तेव्हा.

हा प्रकार महाराष्ट्रात आपण मोठ्या प्रमाणावर पाहिलाय. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्यानंतर कितीतरी ॲपमध्ये एका यादीत नवं नाव आणि दुसऱ्या यादीत जुनं नाव दिसत राहिलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. ज्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये दर एका तक्त्यात होते त्यांचं काम सोपं होतं. ज्यांनी दर प्रत्येक पानावर हाताने लिहिले होते त्यांनी त्या आठवड्यात काय केलं असेल, ते आपण ताडू शकतो.

अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ मध्ये ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात यावर एक तत्त्व मांडलं. ते ‘ड्राय’ नावाने ओळखलं जातं, म्हणजे स्वतःची पुनरावृत्ती करू नका. पण बरेच जण ते अर्धंच वाचतात. त्यांचा मुद्दा ओळींबद्दल नव्हता, माहितीबद्दल होता. ‘सोयाबीनचा चालणारा ओलावा’ ही एक माहिती आहे, तर तिचं घर एकच असावं. बाकी सगळ्यांनी तिथे जाऊन विचारावं.

नक्कल पकडणारी टूल्स

हजारो ओळींत नक्कल डोळ्याने सापडत नाही. त्यासाठी टूल्स आहेत. पीएमडी नावाच्या प्रकल्पातलं सीपीडी (म्हणजे कॉपी-पेस्ट डिटेक्टर), जावास्क्रिप्टवाल्यांमध्ये वापरलं जाणारं जेएससीपीडी, आणि कंपन्यांत सर्रास दिसणारं सोनारक्यूब.

यांचं काम साधारण असं चालतं. कोडचे छोटे तुकडे पाडायचे: प्रत्येक शब्द, आकडा, कंस, चिन्ह म्हणजे एक टोकन. मग टोकनांची तीच रांग दुसरीकडे कुठे आली आहे का ते शोधायचं. किती लांब रांग जुळली की नक्कल म्हणायची, हे आपण ठरवतो. १०० टोकन हा नेहमीचा आकडा आहे. फार कमी ठेवला तर प्रत्येक फाईलच्या सुरुवातीच्या सारख्या ओळीही नक्कल म्हणून दिसतात, फार जास्त ठेवला तर खऱ्या नकला निसटतात. सोनारक्यूबच्या तयार नियमांत नव्या कोडमधल्या नक्कल ओळी ३ टक्क्यांच्या वर गेल्या की ते कोड नापास करतं.

आता आमच्या सोयाबीन ॲपमध्ये हे टूल चालवलं तर? गंमत अशी की पाचपैकी कदाचित दोनच जागा सापडतील. जशीच्या तशी कॉपी लगेच सापडते. नुसती नावं बदललेली कॉपीही चांगलं टूल पकडतं. मधे चार ओळी घुसवल्या की अवघड होतं. आणि एकीकडे ‘ओलावा १२ पेक्षा जास्त’ व दुसरीकडे ‘कोरडेपणा ८८ पेक्षा कमी’ असं लिहिलं असेल तर ओळी जुळतच नाहीत, अर्थ मात्र एकच. अशी नक्कल नियम माहीत असलेल्या माणसालाच दिसते. म्हणून टूलने दिलेली टक्केवारी ही किमान आहे असं समजा.

आयफोनमधली एक जास्तीची ओळ

नक्कल म्हणजे फक्त कामाचा व्याप, असं वाटत असेल तर फेब्रुवारी २०१४ मधलं ॲपलचं प्रकरण बघा. आयफोन जेव्हा एखाद्या सुरक्षित वेबसाईटशी जोडला जातो, तेव्हा समोरचा खरंच तोच आहे का याची तपासणी होते. त्या कोडमध्ये एकाखाली एक सारख्या दिसणाऱ्या पायऱ्या होत्या. प्रत्येकीचा अर्थ: ही पायरी चुकली तर थेट शेवटी जा. त्यात ‘थेट शेवटी जा’ ही ओळ एके ठिकाणी दोनदा आली.

पहिली ओळ अटीला बांधलेली होती. दुसरीला कोणतीच अट नव्हती. त्यामुळे चूक असो वा नसो, कोड तिथून थेट शेवटी जायचा आणि सहीची खरी तपासणी व्हायचीच नाही. वर निकाल ‘सगळं ठीक’. त्याच वायफायवर बसलेला माणूस बँकेची वेबसाईट असल्याचं सोंग घेऊ शकला असता. ॲपलला आयओएस ७.०.६ हा अपडेट घाईने काढावा लागला.

ही ओळ नेमकी कशी दोनदा आली, यावर खूप तर्क झाले. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सारख्या ओळींच्या रांगेत डोळा घसरतो. पाच सारख्या पायऱ्यांत सहावी जास्तीची आली तर वाचणाऱ्याला ती दिसत नाही. आणि या ओळीखालचा कोड कधीच चालणार नाही, हे ओळखणारी सूचना कंपायलरमध्ये तेव्हाही उपलब्ध होती.

गुंत्याला आकडा देता येतो?

आता दुसरा भाग. नक्कल नसली तरी कोड गुंतलेला असू शकतो. केंद्रावर माल घ्यायचा की नाही, हे ठरवणारं फंक्शन मराठीत लिहून बघू. खरा कोड अर्थातच इंग्रजी शब्दांत असतो, पण डोकं तेच लागतं.

जर नोंदणी नसेल तर
— ‘आधी नोंदणी करा’
नाहीतर
— जर सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा नसेल तर
— — ‘पीकपेरा जोडा’
— नाहीतर
— — जर ओलावा मर्यादेपेक्षा जास्त असेल तर
— — — ‘वाळवून आणा’
— — नाहीतर
— — — जर बारदाना संपला असेल तर
— — — — ‘उद्या या’
— — — नाहीतर
— — — — ‘माल घ्या’

थॉमस मॅककेब यांनी डिसेंबर १९७६ मध्ये एका शोधनिबंधात गुंता मोजायची पद्धत दिली. नाव भारदस्त आहे, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. पण मोजायला सोपी: फंक्शनमध्ये जिथे जिथे वाट फुटते त्या जागा मोजा आणि १ मिळवा. वर चार ‘जर’ आहेत, म्हणून आकडा ५. याचा उपयोग असा की प्रत्येक वाटेवरून निदान एकदा तरी जायचं असेल तर किती चाचण्या घ्यायच्या, याचा अंदाज येतो. इथे पाच. मॅककेब यांनी सुचवलेली मर्यादा होती १०. तो काही निसर्गनियम नाही, पण पन्नास वर्षं होत आली तरी लोक तो आकडा वापरतात.

आता तेच फंक्शन असं लिहू:

नोंदणी नसेल तर ‘आधी नोंदणी करा’, संपलं.
पेरा नसेल तर ‘पीकपेरा जोडा’, संपलं.
ओलावा मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ‘वाळवून आणा’, संपलं.
बारदाना संपला असेल तर ‘उद्या या’, संपलं.
‘माल घ्या’.

वाचायला किती सोपं झालं! नियम तेच, उत्तरं तीच. पण मॅककेब यांचा आकडा विचाराल तर अजूनही ५. वाटा तेवढ्याच आहेत ना. म्हणजे हा आकडा ‘किती चाचण्या’ ते सांगतो, ‘वाचताना डोकं किती दुखेल’ ते सांगत नाही.

ही उणीव भरून काढायला सोनारसोर्स कंपनीने २०१६ च्या सुमारास दुसरं माप आणलं, कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी. त्यात ‘जर’ जितका आत खोल तितका दंड जास्त. पहिल्या पातळीवरच्या ‘जर’ला १, त्याच्या आतल्याला २, मग ३, मग ४. शिवाय प्रत्येक ‘नाहीतर’ला १. पहिल्या फंक्शनचा हिशोब करा: १ + २ + ३ + ४ म्हणजे १०, आणि चार ‘नाहीतर’ धरून १४. दुसऱ्याचा: चार वेळा १, म्हणजे ४. चौदावरून चारवर, आणि एकही नियम बदलला नाही. सोनारच्या टूलमध्ये १५ च्या वर गेलं की सूचना येते, म्हणजे आमचं पहिलं फंक्शन काठावर उभं होतं. अजून एक अट आत घातली असती की गेलं वर.

मोठे आकडे किती मोठे असू शकतात? २०१३ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमाच्या कोर्टात टोयोटाच्या एका कॅमरी गाडीच्या अपघाताचा खटला चालला. त्यात मायकल बार या तज्ज्ञाने गाडीच्या इंजिन नियंत्रणाचा कोड तपासून साक्ष दिली: ६७ फंक्शन्स मॅककेब मापावर ५० च्या वर आणि थ्रॉटलचा कोन ठरवणारं फंक्शन १०० च्या वर. ज्युरीने निकाल कंपनीच्या विरोधात दिला. दुसरी बाजूही सांगायला हवी. नासाच्या मदतीने झालेल्या आणि २०११ मध्ये जाहीर झालेल्या तपासात अशा घटनांमागे इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नव्हता. १०० चा आकडा म्हणजे चूक झालीच असं नाही. पण ‘चूक नाही’ हे छातीठोकपणे सांगणंही कुणाला शक्य नाही, एवढा त्याचा अर्थ आहे.

गुंता कोडमध्ये, की नियमांतच?

इथे प्रोग्रॅमरची बाजू घ्यावीशी वाटते. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आठवा. तुमच्यापैकी काहींनी तेव्हा वडिलांसोबत आपले सरकार केंद्रावर रांग लावली असेल. थकबाकी दीड लाखाच्या आत असेल तर माफी. वर असेल तर वरची रक्कम आधी भरायची. नियमित फेडत असाल तर २५ टक्के किंवा २५ हजार, जे कमी असेल ते, पण त्यालाही किमान मर्यादा. लाभ माणसाला नाही, कुटुंबाला. आयकर भरणारे आणि सरकारी नोकरीवाले यांच्या वेगळ्या अटी.

फक्त सहा हो-नाही प्रश्न धरले तरी त्यांच्या ६४ जोड्या होतात. वर कुटुंबाची अट. ती तपासायला नवरा, बायको, अल्पवयीन मुलं हे सगळे एकमेकांशी जोडलेले हवेत आणि माहिती येणार वेगवेगळ्या बँकांकडून. ऑक्टोबर २०१७ मध्ये याद्यांतला घोळ गाजला. अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक असल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे गुंता आणि नक्कल दोन्ही एकत्र. पश्चिम विदर्भात त्या यादीत नाव असणं-नसणं म्हणजे काय होतं, ते इथल्या घरांना सांगायला नको.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हा निकष आला, मर्यादा २ लाख झाली आणि अर्ज भरणं गेलं. यादी लागली की आधार प्रमाणीकरण करायचं. नियमित फेडणाऱ्यांचा ५० हजारांपर्यंतचा प्रोत्साहन लाभ नंतर, वेगळ्या टप्प्यात दिला गेला. कोणती योजना चांगली हा इथे विषय नाही, त्यावर भांडायला पारावर माणसं आहेत. पण कोड लिहिणाऱ्याच्या नजरेने बघा: एक मोठं फंक्शन तोडून दोन छोटी केली आणि सगळ्यात अवघड अट काढली.

फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये हा फरक मांडला होता. काही गुंता प्रश्नाचा स्वतःचा असतो, काही आपण सोडवताना वाढवलेला. दुसरा आपण कमी करू शकतो. पहिला कमी करायचा तर नियम करणाऱ्याशी बोलावं लागतं.

मग कमी करायचं कसं?

सगळ्यात स्वस्त उपाय आकड्याला नाव देणं. १२ नको, ‘सोयाबीन_ओलावा_मर्यादा’ लिहा, आणि ती एकाच जागी. त्याहून बरं म्हणजे असे नियम कोडबाहेर एका तक्त्यात: पीक, हंगाम, मर्यादा, कधीपासून, कधीपर्यंत. २०२४ ची सवलत एका हंगामापुरती होती, त्यामुळे ‘कधीपर्यंत’ हा रकाना नसता तर पुढच्या वर्षी उलटा घोळ झाला असता. मोठं फंक्शन कामांनुसार तोडा. नकाराच्या अटी वर घेऊन लगेच बाहेर पडा, जसं आपण केलं. आणि हे सगळं करण्याआधी ११.९, १२, १४, १५, १५.१ असे काठावरचे आकडे टाकून आजचं उत्तर काय येतंय ते लिहून ठेवा. नाहीतर साफसफाई करताना नियमच बदलून बसाल आणि कळणारही नाही.

पण एक सावधगिरी. ‘ड्राय’ शिकलेला नवा प्रोग्रॅमर प्रत्येक सारखी गोष्ट एकत्र करायला धावतो. त्याच ॲपमध्ये ओलावा १२, वर्षाचे महिने १२ आणि एखाद्या वस्तूवरचा जुना जीएसटीही १२ असेल, तर तिघांसाठी ‘बारा’ नावाची एकच जागा करणं हा वेडेपणा आहे. आकडा सारखा, माहिती वेगळी. ओलावा १५ झाला म्हणून वर्ष पंधरा महिन्यांचं होणार का? चुकीचं एकत्रीकरण सोडवणं हे नक्कल सोडवण्यापेक्षा जास्त त्रासाचं असतं. मार्टिन फाउलर यांच्या ‘रिफॅक्टरिंग’ या पुस्तकात यासाठी तीनचा नियम सांगितलाय: पहिल्यांदा लिहा, दुसऱ्यांदा नाक मुरडून कॉपी करा, तिसऱ्यांदा तीच गोष्ट लागली की एकत्र करा.

चॅटबॉटकडून कोड घेत असाल तर हे जास्त लागू होतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये तेच फंक्शन आधीपासून आहे हे त्याला दाखवलं नाही, तर तो खुशाल दुसरं लिहून देतो. चालतंही. आठवड्याभरात एकाच कामाची तीन फंक्शन्स होतात.

मोबाईलवरच करून बघा

लॅपटॉप नसेल तरी चालेल. अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स घ्या, त्यात पायथन टाका आणि पिपने ‘लिझार्ड’ नावाचं टूल इन्स्टॉल करा. तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ते चालवलं की प्रत्येक फंक्शनसमोर त्याच्या ओळी आणि मॅककेबचा आकडा येतो. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, सी, सगळं चालतं. १५ च्या वरची फंक्शन्स ते वेगळी काढून दाखवतं. सगळी सुधारायला बसू नका. जे फंक्शन तुम्ही वारंवार उघडता आणि ज्याचा आकडा मोठा आहे, तेवढंच आधी घ्या. वर्षभर कुणी हात न लावलेलं पंचविसाचं फंक्शन तसंच राहू दे.

आणि तुमच्या ॲपमध्ये जिल्ह्यांची यादी असेल तर एक शोध जरूर घ्या. बुलढाणा, बुलडाणा, आणि इंग्रजीत ‘एच’ घालून एक व ‘एच’शिवाय एक, अशी चार रूपं सहज सापडतात. जळगाव जामोद हा आपल्या १३ तालुक्यांपैकी एक, पण नुसतं ‘जळगाव’ शोधणारा कोड त्याला शेजारच्या जिल्ह्यात पाठवतो. नावावरून तुलना करण्याऐवजी क्रमांक वापरा. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याचा कोड ५०० आहे आणि जळगावचा ४९९.